पुराच्या दिवसांतला रांजण

आषाढ सरला की माझ्या सासूबाईंच्या अंगात यायचं. देव नव्हे, साठवणीचं भूत. घरात सुखासुखी बसलेलं माणूस त्यांना बघवायचं नाही. हे भर, ते झाक, ते उन्हात टाक, हे माळ्यावर चढव. मी बोलायला फटकळ. माझं माहेर लोणखेड्याचं, तिथं गोमाईला पूर यायचा नि जायचा, एवढं स्तोम कोणी माजवत नसे. एकदा मी म्हटलंच, "बाई, पूर यायच्या आधी मीच मरेन या कामानं." त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "पूर काय इचारीसन येस का?" म्हणाल्या आणि माझ्या पुढ्यात आणखी एक सूप सरकवलं.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. आमचं गाव तापीच्या काठावर आणि पाठीमागं नाला. तापी फुगली की तिचं पाणी नाल्यात उलटं शिरायचं आणि गावाला वेढा पडायचा. ना पुढं जाता येई ना मागं. पाणी ओसरेपर्यंत घरात जे असेल त्यावर भागवायचं. तशी सवय सगळ्या गावाला होती. आमच्याकडं ज्वारीची बिबडी, म्हणजे पापड, वाळवून डब्यात असायची, उडदाच्या वड्या असायच्या, फुटाणे असायचे. हरभरा आणि ज्वारी भाजून दळलेलं पीठ असायचं, ते गुळाच्या पाण्यात कालवलं की चूल न पेटवता पोट भरतं. मीठ, लसूण, सुक्या मिरच्या, तेलाचा एक गडू. यात महाग काहीही नाही, सगळं घरच्या शेतातलं. कष्ट तेवढे आमचे. तुरीच्या वाळक्या काड्या मात्र सासूबाई धान्यापेक्षा जपायच्या, कारण ओल्या लाकडानं चूल नाही पेटत, नुसते डोळे पेटतात.

पण गावात धान्याची तजवीज करणारे सगळे, पाण्याची करणारी आमची सासू एकटी. भोवती एवढी नदी लोटलेली असताना पाणी कसलं साठवायचं, असंच लोकांना वाटे. पुरात गावची विहीर बुडते, तिच्यात नदीचा गाळ आणि मेलेली गुरं शिरतात, हे ओसरल्यावर सगळ्यांना आठवायचं आणि पुढच्या साली विसरायचं. सासूबाई विसरायच्या नाहीत. तापीचं पाणी तांबूस झालं, त्यावर फेस दिसला की त्या मला विहिरीवर पिटाळायच्या. माजघरातला मोठा रांजण, त्याच्या शेजारचे दोन माठ, तांब्याचे हंडे, सगळं गळ्यापर्यंत भरायचं. माझे खांदे भरून यायचे. मी उंबऱ्यात घागर आपटली की त्या म्हणायच्या, "आखो दोन ली ये." म्हणजे आणखी दोन घागरी.

त्या साली मात्र पाणी भरताना त्यांच्या तोंडावर निराळीच काळजी होती. ती काळजी शेजारच्या घराची होती.

शेजारी माझे चुलत सासरे राहायचे. त्यांना आम्ही काका म्हणत असू. सासूबाईंच्या सख्ख्या धाकट्या दिराचं घर. मधे एकच भिंत, मागचं परसू सामाईक. वाटणीच्या वेळी त्या परसावरून दोघी जावांचं बिनसलेलं, तेव्हापासून काकी सासूबाईंना 'जिजी' म्हणेनाशा झाल्या, बोलणं कामापुरतं. काका उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलेले. नुसता श्वास चालू होता म्हणायचा. आणि आमच्या भाऊबंदांत रीत अशी की भावकीत माणूस गेलं, त्याची रड कानावर पडली, की त्या क्षणापासून सुतक. घरात भरून ठेवलेलं पाणी विटाळलं. रांजण, माठ, हंडे, सगळं अंगणात उपडं करायचं, भांडी घासायची आणि नवं पाणी आणायचं. शिजवलेलं अन्नही टाकायचं. सासूबाई या रितीच्या इतक्या पक्क्या की एकदा ऐन उन्हाळ्यात, विहिरीला तळ लागलेला असताना, दूरच्या गावच्या कोण्या चुलत दिराची बातमी आली आणि त्यांनी भरलेला रांजण स्वतःच्या हातानं ओतला. मी तेव्हा नवी नवरी. तोंडात मारल्यासारखी बघत राहिले होते.

म्हणून काय काळजी ते त्यांनी सांगितलं नाही, तरी मला कळत होतं. पूर आला आणि पुरातच काका गेले, तर भरलेलं सगळं पाणी मातीत.

पूर आला. पाऊस आमच्याकडं नव्हताच. तो वर, बऱ्हाणपुराकडं कोसळला असणार. आमच्या डोक्यावर कोरडं पांढरं ऊन आणि खाली गढूळ पाणी चढत चाललेलं. पावसाचे चार थेंब धरावेत म्हटलं तरी आभाळ कोरडं ठक्क. माझे यजमान आणि काकांचा मुलगा गुरं घेऊन आदल्या दिवशीच नाल्यापलीकडं, कोरीटच्या वाटेवरच्या उंच मळ्यात गेले होते. तिथं आमची विहीर होती, स्वच्छ पाण्याची. पण आता मधे नाला समुद्र होऊन पसरलेला. ते तिकडं, आम्ही इकडं. अंथरुणावरचे काका सोडले तर दोन्ही घरांत बायकाच उरल्या.

गावची विहीर दुपारीच बुडाली. खालच्या आळीतल्या लोकांच्या घरात पाणी शिरलं, ते सगळे मारवाडी शेठच्या उंच ओट्यावर येऊन बसले. शेठच्या घरचं पाणी गाळून, उकळून ठेवलेलं असे, त्यांच्या जैन धर्माची तशी रीतच. पण एवढ्या माणसांना ते कितीसं पुरणार? पहिल्याच दिवशी त्यांचे हंडे खडखडले. मग लोक पुराचंच पाणी तुरटी फिरवून पिऊ लागले.

माझी लेक तेव्हा भिंतीला धरून चालायला लागली होती. माझी नजर चुकवून ती ओट्याच्या पायरीशी गेली, तिथवर आलेल्या पाण्यात तिनं हात बुडवले आणि चाटले. मी धावत जाऊन उचललं, तोंड पुसलं, धपाटा दिला. उपयोग काय? दुसऱ्या दिवशी तिला हगवण लागली. पाण्यासारखं पातळ, पुन्हा पुन्हा. ओकारी पण. सकाळी खिदळणारं पोर संध्याकाळी ओल्या फडक्यासारखं मांडीवर पडलं. टाळू खोल गेली. रडायची तर डोळ्यांत पाणी येईना. देवा रे, ते कोरडं रडणं मी या जन्मात विसरणार नाही.

सासूबाईंनी पदर खोचला. तुरीच्या काड्या काढल्या, रांजणातलं पाणी खळखळून उकळलं, निववलं, त्यात मिठाचा कण आणि खडीसाखर घातली आणि शिंपल्यानं पोरीला पाजायला बसल्या. एक शिंपला. थांबायचं. ओकली नाही तर दुसरा. मी पुराचं पाणी उकळून पाहावं म्हटलं, तर माझ्यावर खेकसल्या, "त्यामा म्हैस सडी ऱ्हायनी, दिसत नही का तुले?" खरंच होतं. फुगलेली म्हैस शेठच्या गोठ्याला अडकून पडली होती आणि वास आमच्या चुलीपर्यंत येत होता. माझी लेक जगणार होती ती त्या रांजणावर. दुसरं काहीही नव्हतं.

आणि भिंतीपलीकडं काकांचा श्वास घरघरत होता. आम्हाला तो ऐकू यायचा. मी पोरीच्या श्वासाकडं एक कान आणि भिंतीकडं एक कान लावून बसले. म्हाताऱ्या, एवढा पूर उतरू दे रे बाबा, मग जा खुशाल. असं कोणी कोणाबद्दल म्हणतं का? मी म्हणत होते. जिवाच्या आकांतानं म्हणत होते.

उजाडलं तेव्हा भिंतीपलीकडं घरघर नव्हती.

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या शिंपला भरत होत्या. मी म्हटलं, "काकींना थोडं पीठ कालवून देऊन येते." त्यांनी मान हलवली. मी वाटीत पीठ नि गूळ कालवला आणि परसातून काकींच्या मागच्या दाराशी गेले. दार लोटलेलं होतं. आत काकी काकांच्या उशाशी बसल्या होत्या, हातात विंझणा, माशा वारत होत्या. काकांच्या अंगावर घोंगडी गळ्यापर्यंत ओढलेली. आणि हनुवटीखालून डोक्यावर एक फडकं बांधलेलं. जिवंत माणसाची हनुवटी कोणी बांधत नाही.

माझ्या हातातली वाटी कलंडली. मी तोंड उघडलं तशी काकी माझ्याकडं वळल्या. डोळे लाल, पण कोरडे.

"झोपेल शेत," त्या म्हणाल्या.

झोपलेत म्हणे! मी कलंडलेली वाटी सावरली. त्यांनी विचारलं, "तुन्ही पोर कशी शे? पानी पोटमा टिकस का?"

"थोडं थोडं," मी म्हटलं.

त्यांनी विंझणा खाली ठेवला, उठल्या, माझ्याजवळ आल्या. इतक्या हळू बोलल्या की मला त्यांच्या ओठांकडं बघावं लागलं. "मी रडनू ते तुम्हना रांजन उपडा व्हई. कोन्ही काही सांगं नही, तू काही देखं नही. जाय. पोरले पानी पाज."

मी परत कशी आले कोण जाणे. परसातल्या निंबाला धरून क्षणभर उभी राहिले. ज्या परसावरून आमच्या घरानं त्यांच्याशी बोलणं तोडलं त्याच परसात मी उभी होते, आणि आत ती बाई नवऱ्याचं प्रेत उशाशी घेऊन, माझ्या पोरीसाठी, तोंड मिटून बसली होती. रडायचासुद्धा हक्क असतो माणसाला. तिनं तो घोटासारखा गिळला होता.

घरात आले. सासूबाईंनी विचारलं, "काका कसा शे?"

"झोपेल शेत," मी म्हटलं.

त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. मी मनात ठरवून टाकलं होतं: यांनी रांजणाला हात लावला तर मी रांजणाच्या तोंडावर बसेन. सासू असो नाहीतर सासूची सासू, मला हलवून दाखवा म्हणावं. पण खरं सांगू, मी स्वतःही भीत होते. मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. मग माझ्यापुरतं ते पाणी विटाळलंच की. आणि ते मी माझ्या हातानं आजारी लेकराला पाजणार. काही बरंवाईट झालं तर सगळी भावकी म्हणणार, सुतकाचं पाणी पाजलं म्हणून गेली. आणि मीही तसंच म्हणाले असते. आज हसाल तुम्ही. तेव्हा ते आमच्या हाडीमाशी भिनलेलं होतं.

सासूबाईंनी नजर काढली आणि पोरीच्या तोंडाशी शिंपला नेला. "पे, मन्ही माय, पे," म्हणाल्या.

दुपार चढली. गावभर तो सडका वास, वर ऊन, आणि भिंतीपलीकडं निपचित शांतता. एवढी शांतता की मलाच भीती वाटायची, सगळ्या आळीला ती ऐकू जाईल. झालंही तसंच. भावकीतलीच एक बाई, सगळ्यांच्या चुलीत नाक खुपसणारी, ओट्या-ओट्यानं चालत काकींच्या दाराशी आली. "काकानी तब्येत कशी शे?" तिचा आवाज खणखणीत. मी लेकीला सासूबाईंच्या मांडीवर टाकलं आणि बाहेर धावले. काकी दारात उभ्या होत्या, चौकटीला दोन्ही हात लावून, आत कोणी डोकावू नये अशा.

"आत्तेच डोळा लागना," काकी म्हणाल्या.

"मी नुसती देखीसन जासू."

"अगं, माणसाला झोपू दे की!" मी मधेच तोंड घातलं. "आधी तुझ्या घरचं बघ. तुझा सासरा शेठच्या ओट्यावर पुराचं पाणी पितोय घटाघटा, आणि तू इथं चौकशा करतेस?" तिला राग आला. मला बोलून घेतलं तिनं, माझ्या माहेरापर्यंत पोचली. बोल बाई, बोल हवं तेवढं! मी तिला बोलत बोलत तिच्या ओट्यापर्यंत नेऊन सोडलं. एरवी तिला जन्मभर पुरेल एवढं ऐकवलं असतं, त्या दिवशी मी ऐकून घेतलं.

परत आले तर सासूबाई पोरीला छातीशी धरून बसलेल्या. कालवलेल्या पिठाची ताटली त्यांच्यासमोर, तशीच्या तशी. "बाई, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही."

"भूक नही."

"घोटभर पाणी तरी?"

"तू खाई ले. तुले पाजनं शे." माझी लेक अजून अंगावर पीत होती, त्याबद्दल त्या म्हणाल्या. आणि ताटली माझ्याकडं सरकवली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भावकीत प्रेत पडलेलं असताना, ते हलल्याशिवाय, मोठी माणसं अन्नपाण्याला शिवत नाहीत. त्यांना माहीत होतं. घरघर थांबलेली त्यांनीही ऐकली होती. भिंतीपलीकडं काय झालंय ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं, आणि त्या गप्प बसून पाणी पाजत होत्या. रीत मोडत होत्या आणि पाळतही होत्या, दोन्ही एकाच वेळी. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते उघड झालं असतं, आणि उघड झालं की रांजण उपडा.

तसाच दिवस सरकत राहिला. पोर दोन-तीनदा ओकली, मग थांबली. पाणी पोटात राहू लागलं. मी माठातलं पाणी मोजून मापून काढत होते, ओंजळभरही सांडू देत नव्हते. मधूनच काकींच्या विंझण्याचा आवाज भिंतीतून यायचा. तेवढाच काय तो त्या घरातला आवाज.

उन्हं उतरायला लागली तेव्हा पोरीनं माझं लुगडं ओलं केलं. मूत! सकाळपासून पहिल्यांदा. मी ते ओलं लुगडं हातात धरून वेड्यासारखी हसले. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. मग पोर गाढ झोपली, खरी झोप, ओठ हलवत.

आणि त्याच सुमाराला नाल्याकडून हाका आल्या. पाणी ओसरायला लागलं होतं. केळीच्या खोडांचा तराफा करून माझे यजमान आणि काकांचा मुलगा येत होते, आणि तराफ्यावर मळ्यातल्या विहिरीच्या भरलेल्या घागरी होत्या. दोन दिवस गावात पाणी नसेल हे त्यांना न सांगता कळलं होतं. मी धावले. यजमानांनी पहिली घागर माझ्या डोक्यावर ठेवायला उचलली.

"घरमा नको," पाठीमागून सासूबाईंचा आवाज आला. त्या कंबरेएवढ्या चिखलपाण्यात उतरल्या होत्या. "शेठना वट्टावर ठेव. आपला घरमा नको."

यजमान गोंधळले. मला कळलं. शेठ आमच्या भावकीतले नव्हेत. त्यांच्या ओट्यावर ठेवलेल्या पाण्याला सुतक लागणार नाही. आमच्या घरचं सगळं ओतलं तरी पोरीला हे पाणी पाजता येईल. घागरी शेठच्या ओट्यावर पोचल्या, शेठाणीनं त्यांवर फडकी बांधली, तोवर सासूबाई तिथंच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला म्हणाल्या, "चाल, बेटा. तुन्ही माय वाट देखी ऱ्हायनी." त्यांच्या आवाजावरूनच त्या पोराला कळलं असावं. त्याचा चेहरा पडला.

आम्ही काकींच्या घरात शिरलो. काकी तशाच बसल्या होत्या. त्यांनी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाईंनी मान हलवली: झालं, पाणी आलं, आता हरकत नाही. काकींनी काकांच्या तोंडावरची माशी वारली, विंझणा बाजूला ठेवला आणि रडायला तोंड उघडलं.

आवाजच आला नाही. पुन्हा उघडलं. नुसता घशातून कोरडा घासल्यासारखा श्वास. सकाळपासून दाबून धरलेलं ते रडणं आता सापडेना. त्यांनी गळ्याला हात लावला आणि इतक्या घाबऱ्या होऊन आमच्याकडं पाहिलं, मी न रडता माझा माणूस जाणार का, अशा.

सासूबाई त्यांच्याजवळ बसल्या. कित्येक वर्षांत त्या घरात त्या अशा बसल्या नव्हत्या. त्यांनी जावेला जवळ ओढलं, स्वतःच्या डोक्यावरचा पदर खाली टाकला आणि तिच्या वाट्याचा हंबरडा त्यांनी फोडला. "मन्हा भाऊ रे! कथा गया रे, मन्हा भाऊ!" आळीभर तो आवाज गेला. दारं उघडली. बायका धावल्या. आणि एका घरातून, मग दुसऱ्या घरातून, अंगणात तुरटीचं पाणी ओतल्याचे आवाज येऊ लागले.

सासूबाई छाती बडवून रडत होत्या, थांबत नव्हत्या. तेवढ्यात काकींचा हात वर आला. त्यांनी तो सासूबाईंच्या तोंडावर ठेवला. फाटलेल्या, खरखरीत आवाजात त्या एवढंच म्हणाल्या, "हळू, जिजी. पोर झोपेल शे."

मग मी रडले.